साक्षीची संहिता आणि डोलीवाहकाची नजर : 'अभी ले बगदाद'चा विचार

१

युद्धसाहित्याची समीक्षा बहुधा शस्त्रधारी माणसाला केंद्रस्थानी ठेवून केली जाते. लढणारा सैनिक हाच युद्धाचा अधिकृत अनुभवकर्ता, आणि त्याने लिहिलेले तेच अस्सल युद्धवाङ्मय, असे गृहीतक तिच्या मुळाशी असते. पॉल फसेल यांचा 'द ग्रेट वॉर अँड मॉडर्न मेमरी' (१९७५) हा ग्रंथ या क्षेत्रात पायाभूत मानला जातो. पहिल्या महायुद्धाने आधुनिक संवेदनेला उपरोधाची एक विशिष्ट घडण दिली, हे त्याचे प्रतिपादन मौलिक आहे. परंतु ते उभे आहे ते पश्चिम आघाडीच्या खंदकांतील इंग्रज लेखकांच्या साधनसामग्रीवर. त्यामुळे दोन गोष्टी त्याच्या परिघाबाहेर राहतात. एक म्हणजे मेसोपोटेमियासारखी आघाडी. सहा लाखांच्या आसपास भारतीय लढवय्ये आणि बिनलढवय्ये या आघाडीवर पाठवले गेले होते. दुसरी गोष्ट म्हणजे रणांगणावर असूनही शस्त्र न चालवणारा माणूस.

हा दुसरा माणूस सैन्याच्या परिभाषेत 'फील्ड अँब्युलन्स'चा शिपाई असतो. मराठीत 'अँब्युलन्स' म्हटले की रुग्णवाहिका, म्हणजे एक वाहन, डोळ्यांसमोर येते. लष्करी अर्थाने फील्ड अँब्युलन्स हे वाहन नसून एक पथक आहे. लढाईच्या ऐन रेषेमागून जखमींना उचलायचे, मलमपट्टीच्या ठाण्यावर आणायचे, कोणाला आधी आणि कोणाला मागाहून हे ठरल्यावर त्यांना पिछाडीच्या रुग्णालयाकडे रवाना करायचे, असे त्या पथकाचे काम. या शिपायाला युद्ध दिसते ते शत्रूच्या रूपात नव्हे, तर जखमी देहाच्या रूपात. अशा माणसाने युद्धाविषयी लिहिले, तर त्या लेखनाची कथनरीती, त्यातील नैतिक भूमिका आणि त्याची प्रमाणता यांचा विचार लढवय्याच्या लेखनाला लावलेल्या निकषांनी करता येईल काय, हा येथील मुख्य प्रश्न आहे. त्यासाठी शिशिरप्रसाद सर्वाधिकारी यांचे 'अभी ले बगदाद' (१९५७) हे बंगाली पुस्तक विचारात घेतले आहे. सर्वाधिकारी १९१५मध्ये बंगाल अँब्युलन्स कोअरमधून मेसोपोटेमियात गेले, टेसिफोनची लढाई आणि कुत-अल-अमाराचा वेढा यांतून गेले आणि उरलेले युद्ध त्यांनी तुर्कांच्या कैदेत काढले. शंतनू दास यांच्या 'इंडिया, एम्पायर अँड फर्स्ट वर्ल्ड वॉर कल्चर' (२०१८) या ग्रंथानंतर या पुस्तकाकडे बंगालबाहेरच्या अभ्यासकांचेही लक्ष गेले आहे. मराठी समीक्षेने त्याची दखल घ्यावी याला मात्र एक स्वतंत्र कारण आहे. ज्या सैन्याची ही हकीकत आहे, ते सैन्य पुण्याचे होते.

२

बंगाल अँब्युलन्स कोअरची स्थापना ही केवळ भूतदयेची गोष्ट नव्हती. ब्रिटिश सैन्यभरतीच्या 'लढाऊ जमातीं'च्या सिद्धान्ताने बंगाली माणसाला भित्रा आणि युद्धाला अपात्र ठरवले होते. महायुद्ध सुरू होताच हा कलंक धुऊन काढण्याची संधी भद्रलोक समाजाला दिसली. परंतु शस्त्र हाती मिळेना, म्हणून शुश्रूषेच्या दाराने रणांगणावर प्रवेश करण्याचा मार्ग त्याने स्वीकारला. डॉ. सुरेशप्रसाद सर्वाधिकारी यांच्या पुढाकाराने हे पथक उभे राहिले, आमारा येथे त्याने रुग्णालय चालवले, आणि त्यातील काही निवडक स्वयंसेवक पुढे सरकणाऱ्या सैन्याबरोबर बगदादच्या दिशेने गेले. बंगाली माणसांची ४९वी पलटण पुढे उभी राहिली, तिच्यामागे या पथकाची पुण्याई होती. याच सिद्धान्ताचा फटका महाराष्ट्रात वेगळ्या रीतीने बसला होता. महारांची सैन्यभरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात बंद करण्यात आली, युद्धाची निकड भासली तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभारण्यात आली, आणि गरज सरताच १९२१मध्ये ती मोडण्यात आली. एकाच वर्गीकरणाने एका ठिकाणी उच्चवर्णीय सुशिक्षिताला, तर दुसऱ्या ठिकाणी अस्पृश्य सैनिकाला बाहेर ठेवले, ही गोष्ट त्या सिद्धान्ताचे खरे स्वरूप सांगणारी आहे.

या पथकाच्या कामाला आणखी एक सामाजिक परिमाण आहे. हिंदुस्थानी फौजेत जखमींची डोली वाहण्याचे काम परंपरेने कहारांकडे होते. मराठी मुलखात त्याच कामाला भोई असत. डोली वाहणे ही सेवा मानली जात नव्हती; ती जातीने ठरलेली हमाली होती. कलकत्त्याच्या शिकल्यासवरल्या तरुणांनी ती खांद्यावर घेतली तेव्हा हमालीला 'सेवा' हे नाव मिळाले आणि तिला शौर्याची प्रतिष्ठा आली. काम तेच राहिले. करणारा बदलला तसा त्या कामाचा अर्थ बदलला. सर्वाधिकारींच्या संहितेचे वाचन करताना ही बाब नजरेआड करता येत नाही. त्यांच्या लेखणीला जे लिहिता आले, ते त्यांच्या आधी आणि त्यांच्याबरोबर डोल्या वाहणाऱ्या हजारो कहारांना लिहिता आलेले नाही. साक्ष देण्याचा अधिकार अनुभवाने मिळतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात तो अनुभव आणि अक्षर या दोहोंच्या संयोगाने मिळतो.

३

'अभी ले बगदाद'च्या संहितेचा इतिहास तिच्या आशयाइतकाच बोलका आहे. पुस्तक प्रसिद्ध झाले ते घटनांनंतर चार दशकांनी. त्याचा आधार मात्र युद्धकाळात ठेवलेली रोजनिशी हा होता. कुतचा पाडाव झाला तेव्हा त्या रोजनिशीची पाने फाडून लेखकाने त्यांचे तुकडे बुटांत दडवले. बगदादला पोहोचल्यावर त्या तुकड्यांवरून नवी वही तयार केली. पुढच्या वाटचालीत नदी पायी ओलांडताना तीही भिजली. कैदेत असताना ती काही काळ जमिनीत पुरून ठेवावी लागली आणि नंतर पुन्हा उतरून काढावी लागली. म्हणजे आज वाचकाच्या हाती येते ती मूळ नोंद नव्हे. नोंदीच्या नकलेची नकल, आणि तीवर प्रौढ वयात केलेले संस्करण, असे तिचे स्वरूप आहे.

मराठी समीक्षेत 'अनुभवाची अस्सलता' हा निकष दीर्घकाळ प्रभावी राहिला आहे. विशेषतः दलित आत्मकथनांच्या निमित्ताने झालेल्या चर्चेत त्याला मध्यवर्ती स्थान मिळाले. लेखन अनुभवाच्या जितके निकट, तितके ते अस्सल, अशी या निकषाची ढोबळ मांडणी करता येईल. तो येथे जसाच्या तसा लावला, तर सर्वाधिकारींची संहिता प्रत्येक नकलेबरोबर मूळ अनुभवापासून एक पायरी दूर गेली, असा निष्कर्ष काढावा लागेल. हा निष्कर्ष तांत्रिकदृष्ट्या बरोबर आणि वाङ्मयीनदृष्ट्या अपुरा आहे. कारण पाने फाडणे, दडवणे, पुरणे आणि पुन्हा लिहिणे या क्रियाही युद्धानुभवाचाच भाग आहेत. ज्या माणसाजवळ अंगावरच्या कपड्यांची शाश्वती नव्हती, त्याने दर मुक्कामावर आपली साक्ष नव्याने लिहून काढावी, या कृतीतून साक्षीविषयीचा त्याचा निर्धार प्रकट होतो. येथे प्रमाणता मूळ कागदाच्या शुद्धतेत शोधण्याऐवजी पुनर्लेखनाच्या सातत्यात शोधावी लागते.

मराठीत याला एक जवळचा दाखला आहे. विष्णुभट गोडसे यांनी १८५७चा प्रलय झाशीत प्रत्यक्ष पाहिला. त्याची हकीकत त्यांनी लिहून काढली ती पाव शतक लोटल्यावर, आणि चिंतामण विनायक वैद्य यांनी ती 'माझा प्रवास' या नावाने १९०७मध्ये प्रसिद्ध केली, तीही स्वतःचे संस्कार करून. मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली आवृत्ती दत्तो वामन पोतदार यांनी १९६६मध्ये काढली, तेव्हा संपादकाच्या हाताने काय बदलले होते ते अभ्यासकांना कळले. गोडसेभटजीही लढवय्ये नव्हते; दक्षिणेच्या आशेने गेलेला हा भिक्षुक युद्धात अडकला. दोन्ही पुस्तकांत निःशस्त्र माणसाची साक्ष आहे आणि दोन्हींत घटना व प्रकाशन यांच्यामध्ये मोठा कालखंड आहे. भेद आहे तो असा : गोडसेभटजींची संहिता दुसऱ्याच्या हाताने बदलली, तर सर्वाधिकारींनी आपली संहिता स्वतःच पुनःपुन्हा घडवली. पहिल्या बाबतीत मूळ प्रत शोधणे हे संपादनशास्त्राचे काम ठरते. दुसऱ्या बाबतीत तो शोध अर्थहीन असून पुनर्लेखनाची प्रक्रिया हाच अभ्यासविषय ठरतो.

४

पुस्तकाचे शीर्षक बंगाली नाही. 'अभी ले बगदाद' हे शब्द छावणीच्या हिंदुस्थानीतले आहेत. बगदाद आता हाताशी आलेच आहे, असा विजयाच्या नशेतला उतावीळपणा त्यांत आहे. पुढे घडले ते नेमके उलट. २२ ते २५ नोव्हेंबर १९१५ या दिवसांत टेसिफोन येथे टाउनशेंडच्या सैन्याचे साडेचार हजारांवर लोक मारले गेले अथवा जखमी झाले, आणि माघार घेऊन ते सैन्य कुतमध्ये अडकले. या सैन्याने बगदाद पाहिले ते युद्धकैदी म्हणून. शहर ब्रिटिशांच्या हाती आले ते ११ मार्च १९१७ रोजी, दुसऱ्याच सैन्याकडून. चाळीस वर्षांनी तीच घोषणा पुस्तकाला नाव म्हणून देण्यात जो उपरोध आहे, तो फसेल यांना अभिप्रेत असलेल्या उपरोधाशी नाते सांगतो. तथापि त्याची जात वेगळी आहे. इंग्रज लेखकाचा उपरोध स्वतःच्या राष्ट्राच्या वल्गनांवर उलटतो. येथे घोषणा परक्या साम्राज्याची आहे आणि ती देणारे कंठ मात्र आपल्या माणसांचे आहेत. त्यामुळे या उपरोधात भ्रमनिरासाइतकीच सहभागाची बोचही मिसळलेली आहे.

टेसिफोनच्या जखमींची जी वाताहत झाली, ती इतिहासाला अपरिचित नाही. खेचरांनी ओढलेल्या, स्प्रिंगा नसलेल्या गाड्यांतून, उघड्या मैदानातून, त्यांना नदीकाठावर आणण्यात आले. ज्यांची हाडे मोडली होती त्यांना प्रत्येक धक्का असह्य होता. पुढे बोटींवर दाटीवाटीने भरून, अनेकांच्या जखमा न बदललेल्या, असे ते बसऱ्याला पोहोचले. 'मेजिदिये' या बोटीची अवस्था पाहून मेजर मार्कहॅम कार्टर यांनी दिलेला अहवाल वरिष्ठांना इतका झोंबला, की त्यांनाच धमकावण्यात आले. १९१७मध्ये मेसोपोटेमिया आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, त्याची परिणती भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांच्या राजीनाम्यात झाली. आयोगाचा अहवाल आणि सर्वाधिकारींचे पुस्तक यांचा विषय काही अंशी एकच आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कथनातील फरक लक्षणीय ठरतो. अहवालाला उत्तरदायित्व निश्चित करायचे आहे. गाड्या किती हव्या होत्या, किती होत्या, मागणी कोणी नाकारली, हा त्याचा तर्क. त्यात जखमी माणूस येतो तो गैरव्यवस्थेचा पुरावा म्हणून. डोलीवाहकाच्या कथनाला असा तर्क नाही. समोरच्या पाचांपैकी एकालाच उचलता येणार असेल, तर उरलेल्या चौघांची हाक ऐकून पुढे जावे लागते. हे पुढे जाणे अहवालात मावत नाही, कारण त्यात कोणाचाच दोष सिद्ध होत नाही. आणि तरीही ते करणाऱ्याच्या मनातून जात नाही. शुश्रूषकाच्या युद्धकथनाचा नैतिक गाभा येथे आहे. लढवय्याला आपण मारले याचा जाब द्यावा लागतो, शुश्रूषकाला आपण उचलले नाही याचा.

या भूमिकेतून कथनाची शैलीही ठरते. वाक्ये अलंकरणापासून दूर राहतात. मृत्यूचे वर्णन करताना निवेदक आवाज चढवत नाही. नोंद करणे आणि पुढच्या कामाला लागणे ही रुग्णालयातील शिस्त लेखनातही उतरलेली दिसते. भावनेचा अभाव म्हणून या संयमाकडे पाहणे चुकीचे होईल. उलट, रोजच्या कामाने भावनेला जी मर्यादा घातली, तिचाच हा वाङ्मयीन आविष्कार आहे.

कुतच्या वेढ्यात (७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६) युद्धाचा केंद्रबिंदू रणभूमीवरून पोटाकडे सरकतो. शिधा आटत गेला, घोडे आणि खेचरे कापली जाऊ लागली. हिंदुस्थानी शिपायांपैकी बहुसंख्यांनी धर्मभयाने व गावच्या बहिष्काराच्या भीतीने ते मांस दीर्घकाळ नाकारले. हिंदुस्थानातील धर्माधिकाऱ्यांच्या अनुज्ञा मिळवून जाहीर करण्यात आल्या, तरी फरक पडला तो फार उशिरा. दरम्यान उपासमार आणि स्कर्व्ही यांनी माणसे खचली. शरणागतीच्या वेळी सुमारे तेरा हजार लोक तुर्कांच्या हाती लागले. १९०६च्या जिनिव्हा कराराने वैद्यकीय सेवकांना युद्धकैदी न मानण्याचा दंडक घातला होता. परंतु सर्वाधिकारींना कैद चुकली नाही. सामऱ्यापासून रास-अल-ऐनपर्यंतची पायपीट अनेकांच्या प्राणांवर बेतली.

पुस्तकाचा सर्वांत विचारप्रवर्तक भाग या कैदेचा आहे. रास-अल-ऐनच्या परिसरात आर्मेनियनांच्या कत्तलीच्या खुणा विखुरलेल्या होत्या, आणि त्या पाहणाऱ्या थोड्या हिंदी साक्षीदारांपैकी सर्वाधिकारी हे एक होते. स्वतः बंदिवान असलेला माणूस येथे आपल्याहून दुर्दैवी माणसांचा साक्षी होतो. पुढे आलेप्पोच्या रुग्णालयात त्यांनी काम केले, तेव्हा आजवरचा 'शत्रू' सहकारी झाला, रुग्ण झाला, गप्पांतला सोबती झाला. येथे शत्रू या संकल्पनेचे जे विघटन होते, ते कोणत्याही शांततावादी तत्त्वज्ञानातून आलेले नाही. जखम बांधणाऱ्याला तापलेले कपाळ सारखेच लागते, या कामाच्या अनुभवातून ते आले आहे. त्याचबरोबर, ज्या राज्यासाठी आपण लढतो त्याचे आपण नागरिक नसून प्रजा आहोत, ही जाणीवही याच सहवासात धारदार होते. कर्तृत्व सिद्ध करण्यासाठी निघालेल्या पथकाच्या मूळ प्रेरणेला संहितेने स्वतःच दिलेले हे उत्तर आहे.

५

याच आघाडीवरचे दुसरे बंगाली पुस्तक तुलनेसाठी घेणे उपयुक्त ठरेल. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधील कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी हेही कुतमध्ये कैद झाले आणि १९१७मध्ये रास-अल-ऐन येथे मरण पावले. त्यांच्या आजी मोक्षदादेवी यांनी ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर 'कल्याण-प्रदीप' (१९२८) हे त्यांचे चरित्र लिहिले आणि त्यात नातवाची पत्रे समाविष्ट केली. ऑक्टोबर १९१५च्या एका पत्रात मुखर्जींनी युरोपीय देशभक्तीलाच रक्तपाताचे मूळ ठरवले असून, इंग्रजांकडून तोच धडा घेणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांनाही त्यातून वगळलेले नाही. हा विचार स्पष्ट आणि सिद्धान्तरूप आहे. तो मांडणारा माणूस कमिशन मिळालेला डॉक्टर आहे. त्याला दृश्यापासून किंचित अंतर लाभलेले आहे. सर्वाधिकारी सामान्य शिपायाच्या दर्जाचे. त्यांच्या पुस्तकात सिद्धान्त कमी आणि प्रसंग अधिक आहेत. एकात युद्धाचा निषेध विधानातून येतो, दुसऱ्यात तो निवडीतून, म्हणजे काय नोंदवावे आणि किती थांबावे यातून, येतो. मात्र पहिल्या पुस्तकात पत्रलेखक बोलायचे थांबतो आणि शोकाकुल आजी पुढचे सांगते. साक्ष कुटुंबाच्या स्मृतीत विलीन होते. दुसऱ्यात साक्षी जिवंत परततो आणि चार दशके तिचा भार वाहतो. दोन्ही संहिता टिकल्या त्या घरामुळे : लिहिणाऱ्या, जपणाऱ्या, छापू शकणाऱ्या घरामुळे.

६

येथे मराठी वाचकाला भिडणारा प्रश्न उपस्थित होतो. कुतमध्ये अडकलेले सैन्य म्हणजे सहावी पुणे डिव्हिजन. १०३वी व ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आणि ११७वी मराठा या पलटणी तिच्या तीन ब्रिगेडमध्ये विभागलेल्या होत्या. ज्या गाड्यांतून जखमी नेले, ज्या डोल्या उचलल्या गेल्या, त्यांत सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडची माणसे होती. त्यांच्यापैकी कोणाचे 'अभी ले बगदाद'सारखे पुस्तक मराठी वाङ्मयेतिहासाला ज्ञात नाही. फ्रान्समधील हिंदी शिपायांची पत्रे निदान सेन्सॉरच्या दप्तरात भाषांतरित उताऱ्यांच्या रूपाने शिल्लक राहिली आणि डेव्हिड ओमिसी यांच्या संकलनामुळे (१९९९) वाचकांपर्यंत आली. कुतच्या वेढ्यातून मात्र टपालही सुटत नव्हते.

उरल्या त्या संख्या. महाराष्ट्रातील अनेक गावांत चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आढळते. या गावातून महायुद्धात इतकी माणसे गेली, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढेच तीवर कोरलेले असते, नावे नसतात. १९२९मध्ये बसरा येथे उभारलेल्या स्मारकावरही हाच न्याय लावण्यात आला. अधिकाऱ्यांची नावे कोरली, हिंदी शिपायांची पलटणवार गणती दिली. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने २०२१च्या अहवालात या विषमतेची कबुली दिली आहे. गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांनी १९८८मध्ये विचारलेला, अंकिताला बोलता येते काय हा प्रश्न येथे अगदी मूर्त रूप घेतो. पाटी बोलते, पण ज्याच्याविषयी बोलते त्याला नाव देत नाही.

अशा स्थितीत 'अभी ले बगदाद'ला मराठा शिपायाच्या मौनाची भरपाई मानण्याचा मोह टाळला पाहिजे. डोली वाहणारा हा डोलीतल्या माणसाचा प्रतिनिधी नसतो. त्याला त्या माणसाचे वजन ठाऊक असते, त्याची जखम ठाऊक असते, कधी शेवटचे शब्दही. त्याचे गाव, त्याचे कर्ज, त्याने पलटणीत नाव का घातले हे बहुधा ठाऊक नसते. भद्रलोक तरुण मानासाठी आला होता, कुणबी शिपाई पगारासाठी. दोघांच्या युद्धाला एकच नाव आहे, पण त्याचा अर्थ एक नाही. सर्वाधिकारींच्या पुस्तकाचे मूल्य प्रतिनिधित्वात नाही. कोणाचे बोलणे ऐकू आले नाही, हे त्यातून नेमकेपणाने कळते, यात ते आहे. वर नोंदवलेला न उचललेल्यांचा नैतिक प्रश्न येथे वाङ्मयेतिहासालाही लागू होतो. साहित्याच्या इतिहासानेही काहींना उचलले आणि काहींना मागे ठेवले आहे.

यातून समीक्षेपुरते दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा, की साक्षीपर लेखनाच्या संदर्भात अस्सलतेच्या निकषाला संहितेच्या भौतिक इतिहासाची जोड द्यावी लागेल. कागद कसा वाचला, किती वेळा लिहिला गेला, कोणाच्या घरात राहिला, हे प्रश्न आशयाच्या बाहेरचे नाहीत. दुसरा असा, की मराठी युद्धवाङ्मयाचा विचार केवळ छापील ग्रंथांवर थांबवता येणार नाही. निवृत्तिवेतनाची कागदपत्रे, पलटणींची दप्तरे, घरोघरची पदके, स्त्रियांच्या ओव्या आणि गावातली ती बिननावाची पाटी यांनाही संहिता मानून वाचण्याची पद्धत घडवावी लागेल. बंगालीत हे काम एका वहीने सोपे केले. मराठीत वही नाही. म्हणून काम अवघड आहे, आणि म्हणूनच ते समीक्षेकडे आणि इतिहासाकडे एकत्रितपणे येते.